सोबतीचे औषध

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर जगभर सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या केमोथेरपींपैकी एक म्हणजे ‘फॉल्फॉक्स’. रुग्ण सकाळी डे-केअर वॉर्डात येतो. छातीवर कातडीखाली बसवलेल्या केमोपोर्टमध्ये सुई टोचली की दोन औषधे एकाच वेळी सुरू होतात, एका बाटलीतून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि दुसरीतून ल्युकोव्होरिन. ऑक्सॅलिप्लॅटिन नेहमीच्या सलाइनमध्ये मिसळायचे नसते, कारण मिठातल्या क्लोराइडने ते बिघडते. त्याला डेक्स्ट्रोजच लागते. दोन तासांनी फ्लुरोयुरॅसिलचे इंजेक्शन शिरेतून एकदम देतात आणि मग त्याच औषधाने भरलेला छोटा पंप अंगावर बाळगत रुग्ण घरी जातो. पंप पुढचे ४६ तास हळूहळू औषध सोडत राहतो. दोन आठवड्यांनी पुन्हा हेच चक्र.

या तिघांतले ल्युकोव्होरिन कर्करोगाच्या पेशीला मारत नाही. एकटे दिले तर गाठीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. ते फोलेटचे, म्हणजे पालेभाज्यांतून मिळणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाचे, एक रूप आहे. तरीही ते गेली कित्येक दशके या उपचारात टिकून आहे. ‘दोन औषधे एकापेक्षा बरी, तीन त्याहून बरी’ असे आपल्याला सहज वाटते. ल्युकोव्होरिनचे काम नीट पाहिले तर हा हिशेब किती अपुरा आहे ते लक्षात येते. जोडी जमते ती एक औषध दुसऱ्यासाठी नेमके काय करते यावर.

सुरुवात फ्लुरोयुरॅसिलपासून करायला हवी. डॉक्टर मंडळी त्याला ‘फाइव्ह-एफयू’ म्हणतात. १९५४मध्ये असे आढळले की उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल नावाचा रेणू निरोगी यकृतापेक्षा जास्त प्रमाणात वापरतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले चार्ल्स हायडेलबर्गर यांनी यावरून एक डाव आखला. गाठीला युरॅसिल हवे असेल तर ते द्यायचे, पण त्यातला हायड्रोजनचा एक अणू काढून तिथे फ्लोरिन बसवून. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा किंचितच मोठा, त्यामुळे पेशीला फरक कळत नाही. मात्र कार्बनशी त्याचा बंध इतका पक्का की तो सुटत नाही. हॉफमन-ला रोश कंपनीतल्या रॉबर्ट डुशिन्स्की यांनी हा रेणू तयार केला आणि १९५७मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. अंदाजाने एकामागून एक रसायने तपासण्याच्या त्या काळात, आधी कारण शोधून मग औषध घडवण्याचे हे फार मोठे उदाहरण होते.

पेशीच्या आत काय होते ते पाहू. विभाजनाआधी पेशीला डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी थायमिन लागते. हे थायमिन युरॅसिलच्याच एका रूपापासून बनते. थायमिडिलेट सिंथेज नावाचे एन्झाइम त्या रेणूला फोलेटकडून घेतलेला एक छोटा कार्बनगट जोडते, त्या जागचा हायड्रोजन बाजूला करते आणि मोकळे होऊन पुढच्या रेणूकडे वळते. फ्लुरोयुरॅसिलपासून तयार झालेला रेणू आला की गणित फसते. तिथे हायड्रोजनऐवजी फ्लोरिन आहे आणि तो हटत नाही. एन्झाइम, औषध आणि फोलेट तिघेही एकमेकांत अडकून पडतात. थायमिन बनायचे थांबते आणि पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर कोलमडते.

पण या अडकण्याला तिसरा गडी लागतो. पेशीत फोलेट पुरेसे नसेल तर औषध एन्झाइमला सैल चिकटते आणि थोड्या वेळाने सुटून जाते. दार लोटून घेतले पण कडी घातली नाही, तर वाऱ्याने ते पुन्हा उघडते, तसेच हे. अनेक गाठींमध्ये फोलेट कमीच असते. म्हणून बाहेरून ल्युकोव्होरिन द्यायचे. १९९२मध्ये अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. रोग पसरलेल्या रुग्णांत एकट्या फ्लुरोयुरॅसिलने ११ टक्के जणांच्या गाठी आकसत होत्या, ल्युकोव्होरिनसह २३ टक्के. म्हणजे दुप्पट. आयुर्मानात मात्र त्या वेळी फरक दिसला नाही. पुढे जास्त रुग्णांचे आकडे जमल्यावर तो साधारण महिनाभराचा भरला. गाठ आकसणे आणि माणूस जास्त जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधांच्या बातम्या वाचताना यातली कोणती मोजली आहे ते नेहमी बघावे.

फोलेटच्या शोधाचा एक धागा थेट परळपर्यंत येतो. १९२८च्या सुमारास ल्युसी विल्स ही इंग्रज रक्तविकारतज्ज्ञ मुंबईत आली. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरीब घरांतल्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे, त्याचे कारण तिला शोधायचे होते. हाफकिन संस्थेत राहून तिने या बायकांचा आहार तपासला, आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले. यीस्टपासून बनणारे ‘मार्माइट’ खायला दिल्यावर रक्त सुधारते, हे तिने १९३१मध्ये जाहीर केले. त्यातला गुणकारी घटक कोणता हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तो घटक म्हणजे फोलेट. आज त्याच परळात टाटा हॉस्पिटल आहे आणि तिथे आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधांत फोलेटचेच एक रूप असते. गिरणगावातल्या त्या निनावी बायकांचे ऋण वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच नोंदलेले दिसते, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

ल्युकोव्होरिन ज्या वाटेने औषधाचे बळ वाढवते त्याच वाटेने त्याचे विषही वाढते, आणि याची जाणीव रुग्णाच्या घरच्यांना असायला हवी. कॅपेसिटाबिन नावाची गोळी शरीरात गेल्यावर फ्लुरोयुरॅसिल बनते. ती चालू असताना ‘ताकद येईल’ म्हणून कोणी फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या, तर तोंड येणे, जुलाब, तळहात-तळपाय सोलवटणे हे त्रास वाढू शकतात. जपानमध्ये १९९३ साली याहून फार भयंकर घडले. सोरिव्हुडिन हे नागिणीवरचे नवे औषध बाजारात आले. शरीरात त्यापासून जो पदार्थ तयार होई, तो फ्लुरोयुरॅसिल मोडून टाकणारे एन्झाइम कायमचे बंद पाडत असे. कर्करोगावर फ्लुरोयुरॅसिलच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना नागीण झाली, दोन्ही औषधे एकत्र पोटात गेली आणि काही आठवड्यांत किमान १५ जण दगावले. नागिणीचे औषध देणाऱ्यापर्यंत कर्करोगाच्या गोळ्यांची माहिती पोहोचली असती, तर यातले बरेच मृत्यू टळले असते. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, मग ती आयुर्वेदिक असो की साधी व्हिटॅमिनची, कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगा असा आग्रह धरतात तो यासाठीच.

फॉल्फॉक्समधले ऑक्सॅलिप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग. याचा थोरला भाऊ सिसप्लॅटिन इतर कर्करोगांवर गाजला, पण मोठ्या आतड्यावर त्याची मात्रा चालली नाही. १९७६मध्ये जपानमधल्या नागोया शहरात योशिनोरी किदानी यांनी प्लॅटिनमभोवतीचा भाग बदलून ऑक्सॅलिप्लॅटिन बनवले. फ्लुरोयुरॅसिल निरुपयोगी ठरलेल्या रुग्णांना ते एकटे दिले तर दहातल्या एखाद्यालाच उपयोग होई. एवढ्यावर औषध मोडीत निघाले असते. पॅरिसमधले एमेरी द ग्रामाँ यांनी ते फ्लुरोयुरॅसिल आणि ल्युकोव्होरिन यांच्या जोडीला दिले. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत गाठी आकसण्याचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले आणि रोग पुन्हा वाढीला लागण्याआधीचा काळ सुमारे सहा महिन्यांवरून नऊ महिन्यांवर. प्लॅटिनम डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करते. ती मोडतोड दुरुस्त करायला थायमिन लागते आणि थायमिनचा पुरवठा फ्लुरोयुरॅसिलने आधीच आवळलेला असतो. जोडी जमण्याचे हे एक कारण मानले जाते.

शस्त्रक्रियेनंतर रोग परतू नये म्हणूनही हीच जोडी वापरतात. ‘मोझॅइक’ नावाच्या २,२४६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००४मध्ये आले. तीन वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ऑक्सॅलिप्लॅटिनशिवाय ७२.९ टक्के, त्यासह ७८.२ टक्के. शंभरातल्या पाच जणांचा हा जादा फायदा खरा आहे आणि मोलाचाही. पण औषध शंभरही जणांना घ्यावे लागते आणि त्याचा त्रासही शंभरांच्या वाट्याला येऊ शकतो. ऑक्सॅलिप्लॅटिन नसांना दुखावते. फ्रिजमधली बाटली हातात घेतली की बोटांत झिणझिण्या येतात, गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो. हे काही दिवसांत ओसरते, पण डोस साचत गेले की हातापायांचा बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो; शर्टाचे बटण लावणे अवघड होते. म्हणून सहा महिन्यांऐवजी तीनच महिने औषध दिले तर चालेल का, हे सहा चाचण्यांतल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. २०१८मध्ये उत्तर आले: लसिकाग्रंथींत रोग थोडाच पसरलेल्या रुग्णांना कॅपेसिटाबिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिनचे तीन महिने जवळजवळ तेवढेच काम देतात आणि नसांचे नुकसान पुष्कळच कमी होते. औषध कमी करण्याच्या संशोधनाला नव्या औषधाइतकी प्रसिद्धी मिळत नाही. माझ्या मते तेही तितकेच मोठे काम आहे.

फ्लुरोयुरॅसिलचा दुसरा जोडीदार म्हणजे आयरिनोटेकन, आणि त्याच्या मुळाशी नंदुरबारचा माणूस आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढचे संशोधन अमेरिकेत. मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे काढले आणि १९६६मध्ये त्याची रचना जाहीर केली. टॅक्सॉल हे दुसरे प्रसिद्ध औषधही याच दोघांनी शोधले. कॅम्प्टोथेसिन मात्र सुरुवातीला फसले. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा क्षार करून रुग्णांना देऊन पाहिला, तर मूत्राशयाला गंभीर इजा होऊ लागली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. १९८५मध्ये ते नेमके कुठे घाव घालते हे उमगले. पिळलेला डीएनए उलगडण्यासाठी पेशी त्याचा एक धागा कापते आणि पुन्हा सांधते. हे औषध सांधू देत नाही. त्याच सुमारास जपानमध्ये त्याचे विरघळणारे रूप तयार झाले, तेच आयरिनोटेकन. ते विकसित करणाऱ्यांत दह्यासारख्या पेयासाठी प्रसिद्ध असलेली याकुल्ट कंपनी होती.

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन असते, तेही भरपूर. दुर्गंधीमुळे बदनाम असलेले हे झाड १९७२मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांच्या निबंधानंतर औषध कंपन्यांच्या नजरेत भरले. तेव्हापासून त्याची चोरटी तोड होत आली आहे. कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडच्या जंगलांत नरक्याच्या लाकडाने भरलेले ट्रक पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. सावलीत सावकाश वाढणारे झाड मुळासकट उपटले की तिथे ते पुन्हा उभे राहायला वर्षे जातात.

आयरिनोटेकनची फ्लुरोयुरॅसिलशी गाठ दोन प्रकारे घातली गेली आणि या दोन प्रकारांतला फरक डोळे उघडणारा आहे. अमेरिकेत सुरुवातीला दोन्ही औषधे आठवड्याला एकदा देत, त्यांत फ्लुरोयुरॅसिल झटपट इंजेक्शनने. २००१मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत या पद्धतीने उपचार घेणारे रुग्ण पहिल्या दोन महिन्यांतच अपेक्षेपेक्षा जास्त दगावताना दिसले. जुलाब, शरीरातले पाणी आटणे, पांढऱ्या पेशी घसरून होणारा जंतुसंसर्ग ही कारणे. युरोपात फ्लुरोयुरॅसिल दोन दिवस संथपणे सोडत हीच औषधे दिली जात होती आणि ती रुग्णांना बरीच सोसत होती. औषधे तीच, फक्त देण्याची गती निराळी. पुढे जगाने युरोपची पद्धत उचलली. तिचे नाव फॉल्फिरी.

रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या फार आधी अशा जोड्या प्रयोगशाळेत तपासल्या जातात. हाताच्या पंजाएवढ्या प्लॅस्टिकच्या ताटलीत ९६ छोटे खळगे असतात. प्रत्येकात आतड्याच्या कर्करोगाच्या काही हजार पेशी घालतात. एचटी-२९ आणि एचसीटी-११६ ही त्यांतली नेहमीची वाणे. आडव्या ओळींत एका औषधाची मात्रा वाढवत नेतात, उभ्या ओळींत दुसऱ्याची. दोन-तीन दिवसांनी एक पिवळे रसायन टाकतात. पेशी जिवंत असतील तर ते जांभळे होते, मेल्या असतील तर पिवळेच राहते. रंगाची गडदता यंत्राने मोजली की कोणत्या मिश्रणाने किती पेशी मारल्या ते समजते. १९८४मध्ये चाऊ आणि तलाले यांनी यासाठी एक निर्देशांक दिला. तो १ आला तर दोन्ही औषधांची नुसती बेरीज झाली, १पेक्षा कमी आला तर बेरजेपेक्षा जास्त परिणाम झाला आणि १पेक्षा जास्त आला तर औषधे एकमेकांना मारक ठरली.

या ताटल्यांत हळदीतल्या कुरकुमिननेही फॉल्फॉक्सची धार वाढवलेली दिसली आहे, आणि त्याच्या बातम्या आपल्याकडे लगेच पसरतात. अडचण अशी की कुरकुमिन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. खळग्यात जेवढी मात्रा घालतात तेवढी हळद खाऊन रक्तात येत नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर इथे फॉल्फॉक्ससोबत कुरकुमिन देऊन एक छोटी चाचणी झाली. ते रुग्णांना सोसले, पण अवघ्या २८ रुग्णांवरून उपचार बदलता येत नाही. जेवणातल्या हळदीला कोणाची हरकत नसते. उपचार चालू असताना आपल्या मनाने कुरकुमिनच्या जड मात्रेच्या कॅप्सूल घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

ताटलीची आणखी एक मर्यादा आहे, तिच्याकडे २०१७मध्ये हार्वर्डच्या अॅडम पामर आणि पीटर सॉर्गर यांनी लक्ष वेधले. वापरात असलेल्या अनेक जोड्यांचे आकडे त्यांनी पुन्हा तपासले आणि दाखवले की बऱ्याच जोड्यांत औषधे एकमेकांना मदत करत असल्याचा पुरावाच नाही. काही रुग्णांना पहिले औषध लागू पडते, काहींना दुसरे. कोणाला कोणते पडेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून दोन्ही दिली की जास्त लोकांना निदान एक तरी लागू पडते, एवढाच त्या जोडीचा फायदा. खळग्यातल्या साऱ्या पेशी एकाच वाणाच्या, त्यामुळे हा फायदा तिथे दिसणार नाही. पण मग यातून अपरिहार्य प्रश्न उभा राहतो: कोणाला काय लागू पडेल हे आधीच ओळखता आले, तर रुग्णांना निरुपयोगी औषधाचा त्रास कशाला द्यायचा?

नुसती भर घालत गेले तर काय होते हे २००९मध्ये दिसले. सेटक्सिमॅब ही प्रतिपिंडे कर्करोगाच्या पेशीवरचा ईजीएफआर हा वाढीचा संदेश घेणारा ग्राहक झाकून टाकतात. बेव्हासिझुमॅब गाठीला रक्तवाहिन्या फुटू देत नाही. केमोथेरपीबरोबर स्वतंत्रपणे दिल्यास दोन्ही उपयोगी. मग दोन्ही एकत्र दिली तर? नेदरलँड्समधल्या ७५५ रुग्णांच्या चाचणीत उलटेच घडले. सेटक्सिमॅबची भर घातल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा काळ १०.७ महिन्यांवरून ९.४ महिन्यांवर घसरला. चांगल्यात चांगले मिळवले आणि वाईट झाले.

याच्या अगदी उलट गोष्ट बीआरएएफ या जनुकाची. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात दहातल्या साधारण एका रुग्णाच्या गाठीत या जनुकात व्ही६००ई नावाचा बिघाड असतो आणि असा रोग फार आक्रमक असतो. हाच बिघाड मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात आढळतो. तिथे वेमुराफेनिब हे त्यावरचे औषध निम्म्या रुग्णांत गाठी झरझर आकसवते. आतड्याच्या रुग्णांना ते दिले, तर २१ जणांत फक्त एकाला उपयोग झाला. जनुक तेच, बिघाड तोच, मग असे का?

उत्तर २०१२मध्ये अॅमस्टरडॅममधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेतून आले. निबंधाचे पहिले लेखक अनिरुद्ध प्रहल्लाद. त्यांनी आतड्याच्या कर्करोगपेशींतली जनुके एकेक करून दाबली आणि कोणते दाबल्यावर वेमुराफेनिब काम करू लागते ते पाहिले. सापडले ईजीएफआर. बीआरएएफ बंद झाले की आतड्याच्या पेशीत ईजीएफआरवरचा लगाम सुटतो आणि वाढीचा संदेश दुसऱ्या वाटेने वाहू लागतो. मेलॅनोमाच्या पेशींवर ईजीएफआर फारसे नसतेच, म्हणून तिथे एकच औषध पुरते. याचा अर्थ आतड्याच्या कर्करोगात बीआरएएफच्या औषधासोबत ईजीएफआर झाकणारे सेटक्सिमॅब द्यायला हवे. अशा रुग्णांत सेटक्सिमॅबची एरवी फारशी मदत होत नाही आणि बीआरएएफचे औषधही एकटे निकामी. दोघे मिळून काम करतात.

‘बीकन’ या चाचणीत एन्कोराफेनिब आणि सेटक्सिमॅब ही जोडी दिल्यावर रुग्णांचे मध्यम आयुर्मान ५.९ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेले. याच चाचणीत एका गटाला बिनिमेटिनिब हे तिसरे औषधही दिले होते. त्या गटाचे आयुर्मानही ९.३ महिनेच भरले, म्हणून मान्यता दोन औषधांनाच मिळाली. पुढच्या ‘ब्रेकवॉटर’ चाचणीत हीच जोडी आधी केमोथेरपी न घेतलेल्या रुग्णांना पहिल्यापासून फॉल्फॉक्ससोबत दिली. गाठी आकसण्याचे प्रमाण ४० टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर गेले आणि रोग आटोक्यात राहण्याचा काळ ७.१ महिन्यांवरून १२.८ महिन्यांवर. अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली.

हा सारा लाभ कोणाच्या गाठीत बीआरएएफचा बिघाड आहे हे माहीत असेल तरच मिळतो. केआरएएस आणि एनआरएएस या जनुकांचेही तसेच: त्यांत बिघाड असेल तर सेटक्सिमॅब देऊन सहसा उपयोग नाही, खर्च आणि अंगावरचे पुरळ मात्र पदरी पडते. त्यामुळे रोग पसरलेला असेल तर पहिल्या केमोच्या आधी बायोप्सीचा तुकडा या तीन जनुकांसाठी आणि एमएसआय या चाचणीसाठी पाठवला आहे का, हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावा. एमएसआय चाचणी सकारात्मक आली तर केमोथेरपीऐवजी इम्युनोथेरपीचा विचार होतो. अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तब्येत ढासळत असेल तर डॉक्टर तोवर साधे फॉल्फॉक्स सुरू करतात आणि अहवाल हाती आल्यावर योग्य जोडीदार त्यात घालतात.